‘काळ्या’ म्हटल्याबद्दल मुलाला दोन सामन्यांची बंदी: हे अति झालं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तुम्ही ऐरोलीला राहता. मुलगा सोळा वर्षांखालच्या संघाचा कीपर आहे. एका सामन्यात तो समोरच्या बॅट्समनला मागून सारखं ‘काळ्या, काळ्या’ म्हणत होता. पंचांनी कॅप्टनला बोलावून ताकीद दिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच ऐकू आल्यावर ५ धावांचा दंड लावला, सामना संपल्यावर अहवाल दिला, आणि संयोजकांनी मुलाला २ सामने बाहेर बसवलं. तुमचं म्हणणं असं की तुमच्या धाकट्या भावाला घरात लहानपणापासून सगळे काळ्याच म्हणतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. समोरचा मुलगाही हसत होता. पूर्वी मैदानात याच्या दसपट बोललं जायचं. तर हे अति झालं नाही का, आणि आता पोरांनी मैदानात बोलायचं तरी काय?

मी ठाण्यात २४ वर्षं अंपायरिंग करतोय. शाळांचे सामने, कंपन्यांच्या लीग, टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा, सगळीकडे उभा राहिलोय. अलीकडे नव्या पंचांचे वर्गही घेतो. तुमच्या मुलाच्या सामन्याला मी नव्हतो, त्यामुळे २ सामने योग्य की १ पुरला असता, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते बऱ्याच गोष्टींवर ठरतं. दोघं आधीपासून एकमेकांना ओळखत होते का, ताकीद मिळाल्यावर मुलगा काय म्हणाला, आजूबाजूचे फिल्डर त्यात सामील झाले का, आणि समोरच्या मुलाने नंतर काय सांगितलं. पण पंचांनी जे केलं ते नियमाला धरून केलं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसी क्लबने १ ऑक्टोबर २०१७ पासून जे नवे नियम लागू केले, त्यात खेळाडूंच्या वर्तनासाठी ४२ वा नियम आहे. गैरवर्तनाच्या चार पातळ्या केल्यात. त्या परिस्थितीत अश्लील, आक्षेपार्ह किंवा अपमानास्पद ठरेल अशी भाषा पहिल्या पातळीत येते. पहिल्यांदा घडलं की त्या संघाला ताकीद मिळते, तीच पहिली आणि तीच शेवटची. ती सगळ्या संघाला लागू असते आणि सामना संपेपर्यंत टिकते. त्यानंतर त्या संघातला कुणीही पुन्हा तसं वागला की समोरच्यांना ५ धावा. म्हणजे पंचांनी मनाने काही काढलं नाही, पायरी-पायरीने गेले.

या नियमातले ‘त्या परिस्थितीत’ हे दोन शब्द मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. नियमाने शिव्यांची यादी दिलेली नाही. देताही येणार नाही, कारण आपल्याकडे मैलागणिक शिवी बदलते. बोल्ड झालेला पोरगा स्वतःवरच चिडून एक शिवी हासडत परत निघतो, तेव्हा मी त्याच्या जवळून जाताना हळूच ‘तोंड सांभाळ रे’ म्हणतो आणि सोडून देतो. तीच शिवी त्याने बॉलरकडे बघून दिली तर कॅप्टनला बोलावतो.

मग ‘काळ्या’ तर शिवीसुद्धा नाही, असं तुम्ही म्हणाल. खरंय. शब्दकोशात ती शिवी नाही. मी लावतो ती कसोटी साधी आहे: हा शब्द त्या खेळाडूच्या खेळाला लागतोय की त्याच्या जन्माला? ‘तुला स्विंग दिसत नाही’ हे खेळाबद्दल झालं. पुढच्या बॉलला कव्हर ड्राइव्ह मारून तो त्याला उत्तर देऊ शकतो. रंग, जात, धर्म, गाव, शरीरातलं व्यंग यांवर तो बॅटने उत्तर देऊ शकत नाही. शतक ठोकलं तरी तो तेवढाच काळा राहणार. मैदानात प्रत्येक टोमण्याला मैदानातच उत्तर देता आलं पाहिजे असं मी मानतो. ज्याला उत्तरच नाही तो टोमणा मी चालू देत नाही.

ही कसोटी लावली की नेहमीच्या समजुती उलट्या-पालट्या होतात. २००८ च्या जानेवारीतली सिडनी कसोटी तुम्हाला आठवत असेल. हरभजन सिंगने ऑस्ट्रेलियाच्या, कॅरिबियन वंशाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला आणि सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर ३ कसोट्यांची बंदी घातली. त्याच महिन्यात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर अपील चाललं. आपल्या बाजूचं म्हणणं असं की तो शब्द माकड नव्हताच, ती आईवरून दिलेली हिंदी शिवी होती. सचिन तेंडुलकरनेही तशीच साक्ष दिली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, आणि अपशब्दांसाठी मानधनाच्या ५० टक्के दंड झाला.

त्या वेळी आमच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर यावर रात्र-रात्र चर्चा चालायची. आपल्या घरात आई पोराला दिवसातून चार वेळा ‘माकडा, खाली उतर’ म्हणते. आईवरून शिवी दिली तर मात्र घराघरांत बोलणं बंद होतं. आणि तिकडे नेमकं उलटं: आईवरची शिवी म्हणजे किरकोळ गुन्हा, माकड म्हणजे ३ कसोट्या! कट्ट्यावर सगळ्यांना हे अजब वाटायचं. मलाही वाटलं होतं. पण आदल्याच ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्यात आणि मग वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याच सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले होते. त्याच्या कानात तो शब्द आपल्या आईच्या आवाजात पडत नव्हता. ज्याच्यासाठी शब्द वापरला, त्याच्या कानापर्यंत तो काय घेऊन जातो ते बघायला मी तेव्हा शिकलो.

आता तुमचा तो मुद्दा: समोरचा मुलगा हसत होता. यावर जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या तक्रारीत हे वाक्य असतं.

वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा. ड्रेसिंग रूममध्ये त्याला ‘कालू’ म्हणायचे. तोही हसायचा, कारण आपल्या ताकदीचं कौतुक चाललंय अशी त्याची समजूत होती. अर्थ कळला तेव्हा तो किती दुखावला हे त्याने २०२० च्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं. नंतर एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, ते प्रेमाने म्हणत होते असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याने ते मान्यही केलं. पण तेव्हा सगळे हसत होते, आणि ते हसणं कशावर होतं हे ज्याच्यावर चाललं होतं त्यालाच पुढची सहा-सात वर्षं ठाऊक नव्हतं. मैदानात अकरा जण एकीकडे आणि तुम्ही एकटे असता तेव्हा हसणं हा सगळ्यात स्वस्त बचाव असतो. पंधरा वर्षांच्या पोराला दुसरं करता तरी काय येतं?

माझी स्वतःची एक चूक सांगतो. २००६ सालची गोष्ट. शाळांची स्पर्धा होती, मी बॉलरच्या बाजूला उभा होतो. स्लिपमध्ये दोघं पोरं स्ट्राइकवरच्या मुलाला विचारत होती, ‘काय रे, टीममध्ये पण कोट्यातूनच आलास का?’ जातीचं नाव घेतलं नव्हतं. शिवी नव्हती. तो मुलगाही ओठ वाकडे करून हसल्यासारखं हसला. मी ऐकलं, घड्याळाकडे बघितलं आणि ‘चला, खेळा’ म्हणालो. त्याआधी त्याने दोन सुरेख स्ट्रेट ड्राइव्ह मारले होते. पुढच्या ओव्हरला आडवी बॅट फिरवून तो बोल्ड झाला. बाहेर गेल्यावर त्याने ग्लोव्हज काढले, नीट एकात एक घातले, किटबॅगेची चेन लावली आणि मॅच चालू असतानाच एकटा गेटकडे चालत निघाला. पुढच्या वर्षी त्यांच्या सरांना मी विचारलं तेव्हा कळलं की त्याने क्रिकेट सोडलं. कारण तेवढंच असेल असं मी म्हणत नाही. पण मैदानात त्या दिवशी ते थांबवू शकणारा माणूस मी एकटाच होतो, आणि मी थांबवलं नाही. तुमच्या मुलाच्या सामन्यातल्या पंचांनी माझ्यासारखं घड्याळाकडे बघितलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पूर्वी असं नव्हतं, लोक मजेत घ्यायचे, हेही तुम्ही लिहिलंय. पूर्वी काय होतं ते आपल्याच मातीतल्या माणसाच्या उदाहरणाने बघा. पळवणकर बाळू हा दलित समाजातला, शंभर वर्षांपूर्वीचा देशातला सर्वोत्तम डावखुरा स्पिनर. पुण्यात हिंदू संघातून खेळताना त्याच्या बॉलिंगवर सामने जिंकायचे, आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या टाकाऊ कपात चहा द्यायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर विकेट्स काढल्या. तरीही कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. बाळूने बाहेर बसून चहा प्यायला म्हणजे त्याने ते मजेत घेतलं असं कुणी म्हणेल का?

बदललंय ते एवढंच की आता ऐकू जातं. स्टंपमधला माइक पूर्वी बॉल डेड झाला की बंद ठेवायचे. २०१८ च्या अखेरीस आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, तो कायम चालू ठेवायला परवानगी दिली. आणि लगेच २०१९ च्या जानेवारीत डरबनला पाकिस्तानचा कॅप्टन सर्फराझ अहमद यष्टीमागून दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुकवायोला ‘अबे काले’ म्हणाला ते जगाने ऐकलं. सर्फराझही कीपरच. समोरच्याला उर्दू कळत नव्हती. सर्फराझने माफी मागितली, फेहलुकवायोने ती स्वीकारली, तरी आयसीसीने ४ सामन्यांची बंदी घातली. शब्द तुमच्या मुलाचाच आहे, फक्त भाषा शेजारची.

आणि हे आता आपल्या गल्लीपर्यंत आलंय. नवी मुंबईतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा तुम्हाला माहीत असतील: फ्लडलाइट्स, यूट्यूबवर लाइव्ह, बक्षिसाला बाइक. मागे घणसोलीकडच्या अशाच एका स्पर्धेत मी उभा होतो. एका संघात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात काम करणारा एक उत्तर प्रदेशचा मुलगा होता. तो बॅटिंगला उतरला आणि कॉमेंट्रीवाला लाउडस्पीकरवरून सुरू झाला, ‘आला आला, भैया आला, गाडा बंद करून आला!’ लोक हसले. तो मुलगा गार्ड घ्यायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला, वर बघेना. मी टाइम दिला आणि चालत कॉमेंट्रीच्या टेबलापर्यंत गेलो. स्कोअरशीटवर त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हे नाव आहे त्याचं. हेच घे.’ कॉमेंट्रीवाला म्हणाला, ‘दादा, लाइव्हला मजा लागते.’ मी म्हटलं, मजा त्याच्या बॅटिंगवर कर, वाट्टेल तेवढी. पुढे त्याने नाव घेतलं. त्या संयोजकांनी मला पुढच्या वर्षी बोलावलं नाही, तेही सांगून टाकतो. नव्या पंचांना या गोष्टीची कल्पना असलेली बरी.

शब्द बदलतात, आणि क्रिकेटने ते बदललेही आहेत. डावखुऱ्या मनगटी स्पिनरला आपण वर्षानुवर्षं चायनामन म्हणत आलो. विस्डेन या क्रिकेटच्या जुन्या वार्षिकीने तो शब्द २०१८ च्या अंकापासून टाकून दिला. कुलदीप यादवची गुगली त्यामुळे कुठे कमी वळली? २०२१ मध्ये एमसीसीने ‘बॅट्समन’च्या जागी ‘बॅटर’ आणला. माझ्या तोंडात अजून बॅट्समन येतं, या उत्तरातही आलंय, पण मुलींच्या सामन्यात मी कटाक्षाने बॅटर म्हणतो. डी. वाय. पाटीलवर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक उचललेला आपण पाहिला. नेरूळला ते घडलेलं असताना शेजारच्या मैदानात कुणी पोराला ‘पोरीसारखा काय खेळतोस’ म्हणून चिडवत असेल तर त्याला काय म्हणावं?

घरातल्या ‘काळ्या’बद्दलही बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. जवळच्या माणसांनी एकमेकांना काय म्हणावं यात पंचाने नाक खुपसू नये असं माझं मत आहे. फुटबॉलमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एडिन्सन कवानीने २०२० मध्ये अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर स्पॅनिशमध्ये ‘धन्यवाद, काळूल्या’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. उरुग्वेत ते लाडाचं संबोधन आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ३ सामने बंदी आणि १ लाख पौंड दंड केला. मला ते जास्त वाटलं. ज्याला म्हटलं तो मित्र होता, आणि चूक लक्षात आल्यावर कवानीने पोस्ट लगेच काढली होती. पण उरुग्वेच्याच लुईस सुआरेझने २०११ मध्ये प्रतिस्पर्धी पॅट्रिस एव्ह्राला भर सामन्यात, भांडता भांडता, त्याच जातकुळीतला शब्द पुन्हा पुन्हा वापरला आणि आमच्याकडे असंच म्हणतात असा बचाव केला. त्याला ८ सामने मिळाले, आणि ते मला योग्य वाटले. भाषा तीच, देश तोच. फरक नात्याचा. तुमच्या भावाशी तुमचं नातं आहे. तुमच्या मुलाचं त्या बॅट्समनशी काही नातं नव्हतं, त्याला आउट करायचं होतं. आणि भावाला काही वाटत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर एकदा दोघंच असताना त्याला विचारून बघा. मी माझ्या एका मावसभावाला चाळीस वर्षांनी विचारलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. हेतूवरून शिक्षेचं वजन ठरवावं. चूक झालीच नाही असं मात्र हेतूवरून ठरत नाही. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाने ताकीद मिळायच्या आधी म्हटलं असतं तर मी फक्त बाजूला घेऊन समजावलं असतं. ताकीद मिळाल्यावर पुन्हा म्हटलं, तिथे गाडी बदलली.

जातीबद्दल एक स्पष्ट सूचना, कारण पोरं कुठून कुठे घसरतात ते मी बघितलंय. जातीचं नाव शिवीसारखं वापरणं हा मैदानाबाहेरचाही गुन्हा होऊ शकतो. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या देखत जातीवरून अपमानित करणं बसतं, आणि मैदान ही लोकांच्या देखतचीच जागा. युवराज सिंगने २०२० मध्ये रोहित शर्माशी ऑनलाइन गप्पा मारताना सहकाऱ्याबद्दल जातिवाचक शब्द वापरला, तेव्हा त्याने माफी मागितली तरी गुन्हा नोंदला गेलाच. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली हॉकीची सेमीफायनल हरल्या तेव्हा संघातल्या वंदना कटारियाच्या घरासमोर जातीवरून शिव्या देणाऱ्यांवरही पोलिसांत तक्रार झाली. मुलाला हे एकदा बसवून सांगा.

आता दुसरा प्रश्न, बोलायचं तरी काय. हा मला फार आवडला, कारण लोकांना वाटतं पंचांना गप्प मैदान हवं असतं. अजिबात नाही. मुंबई-ठाण्याच्या मैदानाची मजा कीपरच्या तोंडात असते. ‘पाय अडकलेत रे याचे, पुढे टाक’, ‘दोन बॉलचा पाहुणा आहे, चहा सांगू नका’, ‘मागच्या सात बॉलला रन नाही, घाम फुटलाय’, ‘ऑफला बाहेर टाक, दरवाजा उघडा आहे’. यातलं एकही वाक्य मी कधी अडवलेलं नाही. ही सगळी वाक्यं बॉल, पाय, बॅट आणि स्कोअर यांच्याबद्दल आहेत. ती बॅट्समनला टोचतात, आणि तो एक चौकार मारून ती परत पाठवू शकतो. नवख्या कीपरना मी सांगतो, अर्धं बोलणं आपल्या बॉलरशी कर. ‘शाब्बास, तिथेच ठेव’ हे ऐकून बॅट्समन जेवढा अस्वस्थ होतो तेवढा कशानेच होत नाही.

बंदीवर अपील करायचं असेल तर संयोजकांकडे पंचांच्या अहवालाची प्रत मागा आणि मुलाला शेजारी बसवून ती वाचा. मग ठरवा. दरम्यान त्याला त्या मुलाकडे जाऊ द्या, तुम्ही लांब उभे राहा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं म्हणू नको, एवढंच सांगून पाठवा. ‘मी तसं बोलायला नको होतं’ एवढं पुरे. समोरचा मुलगा हात मिळवेल किंवा नाही मिळवणार, ते त्याच्यावर. आणि तिसऱ्या सामन्याला कोचांनी तुमच्या मुलाला यष्टीमागून हलवू नये, हे त्यांना माझ्या वतीने सांगा. ग्लोव्हज त्याच्याच हातात द्या आणि त्याला पहिल्या बॉलपासून बोलू द्या.